दुसरीचा प्रश्न आपण आधी का वाचतो?

दुपारची भांडी आटोपली असतील. कुणी शेंगा फोडत ऐकत असेल, कुणी वावरात बांधावर मोबाइल ठेवून. आज हप्ता, व्याज, बँकेचा फॉर्म यातलं काहीच बोलणार नाही. आज बोलायचं आहे पेपराच्या पुरवणीतल्या एका चौकटीबद्दल.

तुम्हाला ती माहीत आहे. वर ताईंचा नाहीतर डॉक्टरांचा छोटा फोटो. खाली प्रश्न असतो, 'माझं वय ३२ आहे, लग्नाला बारा वर्षं झाली, दोन मुलं आहेत...' असा सुरू होणारा. शेवटी नावाच्या जागी 'एक वाचक भगिनी' किंवा नुसती 'क. ख. ग.' अक्षरं. आणि त्याच्याखाली उत्तर. आम्ही गटांच्या बैठकींना गावोगावी फिरतो, तेव्हा एक गोष्ट नेहमी पाहतो. पुरवणी हातात पडली की बाई आधी राशिभविष्य बघते आणि मग थेट या चौकटीवर जाते. पाककृती नंतर. आरोग्याचं पान तर त्याच्याही नंतर. जिला वाचता येत नाही ती म्हणते, "ते प्रश्नाचं वाच गं."

आम्ही विचारलं, का आवडतं? पहिलं उत्तर आलं, "टाइमपास." दुसरं आलं, "दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते कळतं." यावर सगळ्या हसल्या. पण एवढंच असतं तर त्यासाठी पेपर कशाला पाहिजे? दुसऱ्याच्या घरातलं कळायला आपल्याकडे गिरणी आहे, हापसा आहे, एसटीचा थांबा आहे.

आणि पेपर तरी आपल्यापर्यंत कुठं सरळ येतो? गावात तो येतो हॉटेलात, सलूनमध्ये, ग्रामपंचायतीत. तिथं बाई बसत नाही. आपल्याकडे येतो तो तीन-चार दिवसांचा शिळा होऊन, बांगड्यांभोवती गुंडाळून, नाहीतर फळीवर डब्यांखाली अंथरायला. आम्ही अशी घरं पाहिली आहेत जिथं फळीवरचा कागद वर्षभर बदलला नाही, कारण त्यावरचा प्रश्न घरच्या बाईला आवडला होता.

आमच्या एका गटाची गोष्ट सांगतो. तालुका सांगणार नाही, कारण पुढं कळेल. उन्हाळ्यात गट पापड-कुरडयांचं काम करतो. गच्चीवर खाली रद्दी अंथरायची आणि वर धुतलेली सुती साडी, म्हणजे शाई मालाला लागत नाही. त्या दिवशी रद्दी अंथरता अंथरता एकीची नजर चौकटीवर गेली आणि ती म्हणाली, "थांबा गं, हे ऐका." प्रश्न असा होता. वडील वारले. भाऊ म्हणतो, हक्कसोडपत्रावर सही कर, माहेर तुझंच आहे. नवरा म्हणतो, सही करायची नाही, हिस्सा घ्यायचा. दोन्हीकडून रोज फोन, रोज भांडण. मी काय करू? खाली उत्तर सुरू झालं होतं, 'प्रिय ताई, सर्वप्रथम...' आणि तिथंच कागद फाटलेला. पुढचा तुकडा सगळ्या गच्चीवर शोधला, सापडला नाही.

मग काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. उत्तर नाही म्हटल्यावर प्रत्येकीनं आपलं उत्तर दिलं.

एक म्हणाली, "द्यायची सही. भाऊ राहिला तर माहेर राहतं. नाहीतर दिवाळीला कुणाच्या दारात जाशील?"

दुसरी म्हणाली, "अन् सही दिल्यावर भावजयीनं दार लावलं तर?"

तिसरी, "नवऱ्याला कामून एवढी घाई? आज हिस्सा आण म्हणतो, उद्या माझ्या नावावर कर म्हणंल."

एकीनं भावाची बाजू घेतली, त्यानंच म्हाताऱ्याचं दवाखान्याचं केलं म्हणून. तिच्यावर दोघी तुटून पडल्या. लाटलेले पापड हातात तसेच. सत्तरीच्या एक आजी आहेत, त्या कधी फार बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या पोरीनं भावाचं लिहिलं, नवऱ्याचं लिहिलं. तिला स्वतःला काय पाहिजे, ते कुठं लिहिलंय?" पुन्हा वाचून पाहिलं. खरंच कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आम्हाला वाटतं, ही चौकट का आवडते त्याचं बरंचसं कारण त्या गच्चीवर दिसलं. तिथं ताईंचं उत्तर नव्हतंच, तरी दोन तास बायका रंगल्या. गोडी प्रश्नात असते. आपल्या घरात आपल्याला कुणी काही विचारत नाही. भाजी कोणती करायची, एवढं विचारतात. पण जमिनीचं, लग्नाचं, पोराच्या शाळेचं ठरतं तेव्हा आपण चहा ठेवायला आत असतो. चौकटीतला प्रश्न मात्र आपल्यासमोर येऊन बसतो आणि म्हणतो, बोला, तुम्हाला काय वाटतं? तेवढा वेळ आपण पंच. आणि पंच व्हायला कुणाला आवडत नाही? लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं म्हणून आपण हसतो खरं, पण दुसरीला सांगता सांगता बाईला आपलं मत काय आहे ते पहिल्यांदा ऐकू येतं.

त्या दिवशी एक जण काहीच बोलली नव्हती. पापड मोजत होती. दहा-बारा दिवसांनी ती आमच्याकडे वेगळी आली आणि म्हणाली, "ते हक्कसोडाचं कुठं विचारायचं असतं?" तिच्या भावानं तारीख ठरवलेली होती. आम्ही तिला विचारून हे सांगतो आहोत. ती म्हणाली, सांगा, पण गाव सांगू नका.

आता हे सांगितलंच आहे तर कायद्याचं दोन मिनिटांत सांगून टाकतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, मात्र तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या. मग हिंदू वारसा कायद्यात सुधारणा झाली, ती ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या देशात लागू झाली, आणि तिच्यात लग्न झालेली-न झालेली असा फरक नाही. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मुलीचा हक्क जन्मानंच आहे, वडील तेव्हा हयात असोत वा नसोत. हक्कसोडपत्र हे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवायचं दस्त आहे. एकदा नोंदवलं की ते फिरवणं फार अवघड. 'नुसती सही आहे' असं कुणी म्हणालं तर ती नुसती सही नसते. आणि बाईला सरकारकडून मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, आणि १५१०० हा फोन आहे.

त्या बाईनं ठरलेल्या तारखेला सही केली नाही. भावाला म्हणाली, कागद घरी दे, वाचून सांगते. भाऊ रुसला. यंदा राखीला ती गेली, पण जेवायला थांबली नाही. अजून काही मिटलेलं नाही. हिस्सा घेईल की सोडेल, तिचं तिलाही ठरलेलं नाही. पण आता तिला माहेरी जाताना कागदात काय लिहिलंय ते माहीत आहे.

कुणी म्हणेल, हे तिनं आधीच का विचारलं नाही? कुणाला विचारणार होती? सासरी बोललं तर नवऱ्याच्या हातात कोलीत. माहेरी तर भांडण तिथंच. शेजारणीला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत भावकीत. शहरातल्या बाईला चार बसथांबे ओलांडले की कुणी ओळखत नाही. आपल्याला तालुक्याच्या बाजारातही कुणीतरी हाक मारतं, "काय वहिनी, इकडं कशा?" आपल्याकडे नाव न लावता एक शब्द बोलायची सोय नाही. म्हणून बाई 'माझी एक मैत्रीण आहे, तिचं असं झालं' म्हणत बोलते. आपण सगळ्या जाणतो, मैत्रीण कोण ते. जाणून घेत नाही, एवढंच.

चुगलीत आणि या चौकटीत फरक आहे तो इथं. चुगलीला नाव लागतं. कुणाची सून, कुणाची नणंद, हे कळल्याशिवाय तिला चव नाही. आणि चुगली कधी 'मग तिनं काय करावं' इथपर्यंत येत नाही, ती 'काय केलं बघ' इथंच फिरत राहते. चौकटीला नाव लागत नाही, पण काहीतरी वाट सांगावी लागते. त्यात कुणाचं घर मोडत नाही, म्हणून मोकळ्या मनानं ऐकता येतं. आणि घरोघरी मातीच्या चुली, हे नुसतं म्हणणं वेगळं आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखादीची चूल आपल्यासारखीच धुपते आहे, हे तिच्या शब्दांत वाचणं वेगळं. एका गटात एक बाई म्हणाली होती, सासू आपल्या माघारी डब्यातली साखर मोजते, हे पेपरात वाचलं तेव्हा हायसं वाटलं. तिला आठ वर्षं वाटत होतं, असं आपल्याच घरी होतं.

बरं, हे काही पेपरवाल्यांनी शोधून काढलेलं नाही. आपल्या पैठणच्या एकनाथ महाराजांचं एक भारूड सगळ्यांनी ऐकलंय. त्यातली सासुरवाशीण भवानीला रोडगा कबूल करते आणि सासरच्या एकेका माणसाला वाटेतून दूर कर म्हणते. अर्थ अध्यात्माचा आहे, कीर्तनकार तो समजावतात. पण बायका हसतात त्या आधी, अर्थ कळायच्या आत. कारण भारुडातल्या बाईला नाव नाही. जिला हसायचं तिनं हसावं, कुणी विचारणार नाही तू का हसलीस.

जात्यावरही हेच होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. भाऊ, माहेर, सासू, नवरा, पाऊस, विठ्ठल, सगळं त्यात आहे. पहाटे दोघी जात्याला बसायच्या. एक आपलं गाऱ्हाणं गायची, दुसरी त्यावर ओवी जोडायची. घरातले पुरुष झोपेत ऐकायचे आणि समजायचे दळण चाललंय. आता जातं गेलं. गिरणीच्या आवाजात कोण कुणाला काय सांगणार?

छापलेल्या प्रश्नोत्तरांची चालही जुनी आहे. लंडनमध्ये १६९१ साली जॉन डन्टन नावाच्या पुस्तकविक्रेत्यानं असा पेपर काढला होता, लोकांनी नाव न लावता विचारायचं आणि त्यानं छापून उत्तर द्यायचं. पण आम्हाला सांगावीशी वाटते ती आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. महर्षी धोंडो केशव कर्वे सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांचा मोठा मुलगा रघुनाथ, म्हणजे र. धों. कर्वे. गणिताचे प्राध्यापक होते. मुंबईत १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, म्हणजे पाळणा लांबवण्याचा सल्ला द्यायचं. त्यापायी नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढलं आणि मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, पदरमोड करून चालवलं. त्यात वाचकांचे प्रश्न यायचे. नवरा-बायकोतले, शरीराचे, जे आजही आपण दार लावल्याशिवाय बोलत नाही. ते उत्तर द्यायचे. कमी शब्दांत, न लाजवता.

डिसेंबर १९३३ च्या अंकातल्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढं आपल्याच शहरात १९५० साली ज्यांनी मिलिंद महाविद्यालय उभं केलं, तेच. बाबासाहेबांचं म्हणणं होतं की नुसत्या लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, आणि लोकांना प्रश्न पडत असतील तर त्यांना ज्ञान मिळायला पाहिजे. १९३४ साली निकाल लागला. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. तेव्हाचे २०० रुपये! उत्तरं द्यायचं त्यांनी त्यानंतरही थांबवलं नाही.

आम्ही हे गटात सांगितलं तेव्हा एका ताईंनी विचारलं, "एवढ्याशा उत्तराला कोर्ट?" एवढंसं नव्हतंच ते. ज्याला विचारायची चोरी, त्याला उत्तर मिळालं की तो माणूस दुसऱ्याच्या मुठीतून थोडा सुटतो.

म्हणूनच या चौकटीतलं सगळंच आम्हाला पटतं असं नाही. 'नवऱ्याशी मोकळेपणानं बोला', हे उत्तर आम्ही किती वेळा वाचलं असेल. एका खोलीचं घर, मधे साडीचा पडदा, पलीकडे सासूबाई जाग्या. मोकळेपणानं बोलायचं कुठं, बांधावर? 'स्वतःसाठी थोडा वेळ काढा', हे दुसरं. कापसाच्या वेचणीत? उत्तर देणाऱ्या ताईंचा दोष नाही, त्यांच्यापुढं आठ ओळींचं पत्र असतं, घर नसतं. पण आपण वाचताना 'शिकलेल्या बाईनं लिहिलंय म्हणजे करायलाच पाहिजे' असं धरून चालू नये. मारहाणीच्या पत्राला 'थोडं समजून घ्या' असं उत्तर आम्ही स्वतः वाचलं आहे आणि ते पान बैठकीत वाचून दाखवलं नाही. मारहाण असेल तर थांबायचं नाही, १८१ ला फोन करायचा, आणि जीवावरचं असेल तर ११२ ला.

शिवाय काही पेपरांत या चौकटीच्या खालीच बारीक जाहिरात असते. पती वश, सवत मुक्ती, गृहक्लेश, २४ तासांत गॅरंटी. तिथंही नाव विचारत नाहीत, तिथंही 'प्रिय भगिनी'च असते. तोही सल्लाच म्हणायचा, फक्त पैसे आधी. एकीनं तर दाणे विकून आलेले पैसे तिकडं घातले. तिला कुणी हसू नका. तिला विचारायचं होतं, आणि विचारायला तोच फोन नंबर सापडला.

राहिला तो प्रश्न, जो प्रत्येक गटात निघतो. "ही पत्रं खरी असतात का हो?" काही खरी असतील, काही ऑफिसात बसून लिहिलेली असतील. ओळखायची एक खूण आम्हाला सापडली आहे. बनवलेल्या पत्रात सगळं नीट असतं, एक सासू, एक सून, एक भांडण. खऱ्या पत्रात मधेच काहीतरी न विचारलेलं येतं. मामला नवऱ्याच्या दारूचा असतो आणि बाई मधेच लिहून जाते, माझी म्हैस पण आटली आहे. ते ऑफिसात बसून सुचत नाही.

गच्चीवरच्या त्या दिवसापासून आमच्या काही गटांत एक रीत पडली आहे. बैठकीचा हिशोब झाला, सह्या-अंगठे झाले की शेवटची पंधरा मिनिटं एक जण चौकटीतला प्रश्न वाचते आणि उत्तराचा भाग दुमडून ठेवते. सगळ्यांनी बोलायचं. मगच घडी उघडायची. कधी ताईंचं उत्तर आमच्यापेक्षा शहाणं निघतं, त्यांना कायदा माहीत असतो, आजार माहीत असतो. कधी आजींचं उत्तर ताईंच्या पुढं जातं. एकच नियम आहे, 'ही अमकीसारखीच गोष्ट दिसते' असं म्हणायचं नाही. तो मोडला की ती पंधरा मिनिटं गेलीच.

आता आपल्या केंद्रावरही पुढच्या महिन्यापासून प्रश्न घ्यायचं ठरतं आहे. पाठवायचा असेल तर नाव नको, गाव नको. गटाच्या बैठकीत सचिवांकडे डबा असेल, त्यात चिठ्ठी टाका. गावात अक्षरही ओळखतात, म्हणून शाळेतल्या पोरीकडून लिहून घेणार असाल तर पोर दुसऱ्या गल्लीतली बघा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आमच्यातल्या कुणालाही तोंडी सांगा, आम्ही कागदावर उतरवून तुम्हालाच वाचून दाखवू आणि मग डब्यात टाकू. तुमचा आवाज रेडिओवर जाणार नाही, प्रश्न आमच्यातलीच कुणीतरी वाचेल. कायद्याचा असेल तर उत्तर वकील देतील, दुखण्याचा असेल तर डॉक्टर. बाकीच्यांची उत्तरं तुम्ही सगळ्या मिळून द्यायची. आणि हो, मधेच म्हशीचं काही आलं तर खोडू नका, राहू द्या.